डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणे कितपत योग्य?

धागाकर्ता: कर्वेनगरमधील एका फ्लॅटमध्ये अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार करून मी तेहेतीस महिने राहिलो. घर सोडताना ६०,००० रुपयांच्या डिपॉझिटमधून रंगकामापोटी १८,००० रुपये कापले गेले. बिल मागितल्यावर ‘सगळीकडे असेच असते’ एवढेच उत्तर मिळाले. भिंतींवर दोन खिळ्यांची भोके होती आणि सोफ्यामागे डोके टेकून पडलेला तेलकट डाग होता; बाकी रंग उन्हाने फिकटला होता. माणसे राहिली की घर वापरले जाणारच, आणि त्या वापराचेच तर आपण दरमहा भाडे देतो. मोडतोडीचे पैसे मालकाने जरूर घ्यावेत, पण दोघांनी मिळून घर पाहिल्यानंतर आणि बिल दाखवूनच.

प्रतिसाद १: मी पौड रस्त्यावरील एका फ्लॅटचा मालक आहे. माझ्या मागच्या भाडेकरूंनी सिंकखालची गळती सहा महिने कळवली नाही. ट्रॉलीचे प्लायवूड फुगून हाताने सोलता येईल असे झाले होते. शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे त्यांनी ‘डिपॉझिटमधून वळते करा’ म्हणून दिलेच नाही, आणि महावितरणचे अखेरचे बिल ते गेल्यावर माझ्या हाती पडले. अशा वेळी मालकाच्या हाती डिपॉझिटशिवाय उरते काय? रंग खराब झाल्यास एक महिन्याचे भाडे कापले जाईल, असे माझ्या करारात स्पष्ट लिहिलेले असते आणि भाडेकरू ते वाचूनच सही करतो.

प्रतिसाद २: करारात आकडा लिहिला म्हणजे तो आपोआप वसूल करता येतो, असे नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगासाठी ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ नेही, भाडेपट्ट्यापुरते का होईना, वाजवी वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारलेली नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. मग त्याच करारासोबत वस्तूंची यादी आणि प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो जोडायला कितीसा वेळ लागतो?

नुकसान खरेच झाले असेल, तरी जुन्या रंगाच्या बदल्यात नव्याची पूर्ण किंमत घेणे चूक आहे. रंग साधारण पाच वर्षे टिकतो असे धरले आणि तो धागाकर्ते राहायला येण्यापूर्वीच लावलेला असेल, तर साठपैकी सत्तावीस महिने उरतात. म्हणजे सगळ्या भिंती त्यांनी खराब केल्या असत्या तरी १८,००० पैकी ८,१०० रुपयांपलीकडे मागणी जाऊ नये.

प्रतिसाद १: हिशेबाची ही पद्धत मला मान्य आहे. पण मग भाडेकरूनेही शेवटचे भाडे वेळेवर द्यावे आणि गळती दिसली त्याच दिवशी कळवावे.

धागाकर्ता: हे दोन्ही मी मान्य करतो, आणि तुमच्या ट्रॉलीची भरपाई त्यांनीच द्यायला हवी होती. भोके बुजवून सोफ्यामागची एक भिंत रंगवण्याचा खर्च मी देईन. उरलेल्या रकमेसाठी फोटो जोडून उद्याच मालकांना लेखी पत्र देतो.