मिक्स्ड नेटबॉलमध्ये ट्रान्स खेळाडू कोणाच्या कोट्यात मोजायची?

मैदानवेडी

इंग्लंडमध्ये राहून हौसेने नेटबॉल (बास्केटबॉलसारखा, सात-सात जणांचा खेळ; मिक्स्ड म्हणजे स्त्री-पुरुष एकत्र) खेळणाऱ्यांसाठी मुख्यतः हा धागा आहे, पण इतरांनीही जरूर लिहा.

पार्श्वभूमी अशी. 16 एप्रिल 2025 ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की 2010 च्या समानता कायद्यात स्त्री म्हणजे जन्माने स्त्री. महिना उलटायच्या आत फुटबॉल असोसिएशन, क्रिकेट बोर्ड आणि इंग्लंड नेटबॉल या तिघांनी ट्रान्स स्त्रियांना (जन्माने पुरुष, पण स्त्री म्हणून जगणाऱ्यांना) महिला गट बंद असल्याचं जाहीर केलं. क्रिकेटमध्ये नियम 2 मेपासून लगेच लागू झाला, फुटबॉलमध्ये 1 जूनपासून, नेटबॉलमध्ये 1 सप्टेंबरपासून. आणि हा नियम पार गल्लीतल्या क्लबपर्यंत आहे. क्रिकेट आणि नेटबॉलवाल्यांनी सोबत सांगितलं, की मिक्स्ड सगळ्यांना खुलं आहे, तिथे खेळा; नेटबॉलवाल्यांनी तर मिक्स्डमध्ये आपण ज्या ओळखीने जगतो त्याच बाजूने खेळता येईल असंही म्हटलं.

महिला गटावर इथे भांडायला नको. मला विचारायचंय ते मिक्स्डबद्दल. आमच्या लीगमध्ये (आणि बऱ्याच लीगमध्ये) सातांपैकी जास्तीत जास्त तीन पुरुष चालतात, तेही शूटिंग, मधला पट्टा आणि बचाव यांत प्रत्येकी एक. आमच्या संघातली ट्रान्स मैत्रीण गोल डिफेन्स खेळते. या हंगामात लीगने कळवलं की ती पुरुषांत धरली जाईल. झालं असं की आमचा गोल कीपर पुरुष आहे आणि या दोन्ही जागा बचावातल्या, म्हणून तो उतरला की ती बाहेर, आणि ती उतरली की तो बाहेर. तिची जागा एका ईमेलवर गेली. गेली कित्येक वर्षं ती हार्मोन घेते आहे, आमच्यातल्या तीन बायका तिच्यापेक्षा उंच आहेत. महिला गट बंद केलात, मिक्स्डमध्ये या म्हणालात, आणि तिथे पुन्हा पुरुष म्हणून मोजता? याला खुलं म्हणायचं का? माझं स्पष्ट मत: हौशी मिक्स्डमध्ये ती ज्या ओळखीने जगते त्याच बाजूला तिला मोजा.

भटकभवानी

मी पटत नसल्याचं सरळ सांगते, कारण मीसुद्धा मिक्स्ड खेळते.

तीन पुरुषांची मर्यादा आली कुठून ते आठवा. मर्यादा नसलेल्या सामन्यात मी खेळले आहे. बॉल डोक्यावरून पुरुषाकडून पुरुषाकडे जातो, विंगवरच्या बायका हात वर करून नुसत्या धावत राहतात. नेटबॉलमध्ये बॉल हातात तीन सेकंद, रिंग 10 फुटांवर, आणि अडवणाऱ्याने तीन फूट लांब राहायचं. अंगाला अंग लावता येत नाही, तेव्हा सगळा खेळ उंची, उडी आणि हाताच्या पोचेवर. ती मर्यादा शरीरासाठी आहे. कोण कसं जगतं याच्याशी तिचा संबंध कधीच नव्हता, आणि त्यात कोणाचा अपमानही नाही.

हार्मोन घेतल्यावर फरक पुसला जातो असंही नाही. अमेरिकन हवाई दलातल्या ट्रान्स सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास 2020 मध्ये आला. दोन वर्षं हार्मोन घेऊनही ट्रान्स स्त्रिया दीड मैल धावण्यात इतर स्त्रियांपेक्षा 12 टक्के वेगवान होत्या. हाडांची लांबी तर कमी होतच नाही. तुमची मैत्रीण बुटकी असेल, पुढच्या संघातली सहा फुटी असेल. नियम एकीलाच बघून करता येत नाही.

मैदानवेडी

तोच अभ्यास पुढे वाचा. पुश-अप आणि सिट-अपमधला फरक त्याच दोन वर्षांत नाहीसा झाला. म्हणजे शरीराची प्रत्येक गोष्ट एकाच मापाने टिकत नाही. आणि नेटबॉलचं कोर्ट आहे जेमतेम 100 फूट, त्यातही गोल डिफेन्सला दोन तृतीयांशच वापरता येतं. दीड मैलाच्या धावेवरून तिथली जागा कशी ठरवणार?

शरीरासाठीच मर्यादा असेल तर आमच्याकडे साठीचे एक गृहस्थ पुरुषांत मोजले जातात आणि काउंटी पातळीवर खेळलेली बाई स्त्रियांत, तेव्हा शरीर कोण बघतं? कोणीच नाही, कारण ही हौशी लीग आहे. मग फक्त हिच्याच वेळी का?

सह्यकडा

भटकभवानींशी सहमत, पण कारण वेगळं. कॉर्फबॉल बघा, नेटबॉलसारखाच टोपलीत बॉल टाकायचा खेळ. 1902 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या एका शिक्षकाने काढलेला खेळ, चार पुरुष आणि चार स्त्रिया, आणि पुरुषाने पुरुषालाच, स्त्रीने स्त्रीलाच अडवायचं. तिथे हा प्रश्न कागदावर राहत नाही, समोर कोण उभं राहणार हे ठरतं. मिक्स्ड खेळ उभाच आहे दोन बाजूंच्या मोजणीवर. ज्याला जे वाटेल त्या बाजूला बसवलं तर मोजणीच उरत नाही. सगळ्यांना सामावायचंच असेल तर कोटा नसलेली खुली लीग काढा.

निशिगंध

कोटा नसलेली लीग म्हणजे वर भटकभवानींनी सांगितलेलीच गत, बायका नुसत्या धावणार. तो उपाय नाही.

मला भीती दुसरीच आहे. तपासणार कोण? लीग चालवतात स्वयंसेवक. एखादी उंच, केस कापलेली, जाड आवाजाची मुलगी आली की समोरच्या संघातून कुजबुज सुरू होते. आपल्याला हे नवीन नाही. 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत शांती सौंदरराजनचं 800 मीटरचं रौप्य लिंगचाचणीनंतर काढून घेतलं. ती ट्रान्स नव्हती, लहानपणापासून मुलगी म्हणूनच वाढलेली. त्यानंतर तिच्या वाट्याला काय आलं ते आठवून आजही चीड येते. जन्मावरचा नियम ट्रान्स स्त्रियांसाठी लिहितात, पण बोट कोणाकडेही वळतं. फुटबॉल असोसिएशनकडे नोंदलेल्या ट्रान्स स्त्रिया साऱ्या इंग्लंडमध्ये तीसच्या आत होत्या. एवढ्यांसाठी लाखो मुलींवर संशयाची नजर का ओढवून घ्यायची?

भटकभवानी

निशिगंध, शांतीचं जे झालं ते घोर अन्यायाचं होतं, त्यावर दुमत नाही. पण चाळिशीवरच्यांच्या लीगमध्ये जन्मतारीख लिहितोच ना? कोणी दाखला मागत नाही, विश्वास ठेवतात. इथेही अर्जात लिहून घ्या आणि विषय तिथेच संपवा. चाचणी नको, कुजबूज करणाऱ्या संघाला तंबी द्या.

आणि तीसच्या आत हा आकडा मला पटवत नाही. ज्या मुलीची जागा जाते तिची पूर्ण जाते.

मैदानवेडी

जागा कोणाची जाते यावरच तर बोलतोय. मिक्स्डमध्ये तिला स्त्रियांत धरलं तर आमच्या संघातली कुठलीच बाई बाहेर बसत नाही, चार बायका लागतात आणि दर आठवड्याला आम्ही चौथीसाठी फोन करत असतो. हौशी लीगची खरी अडचण ही आहे.

कप्तानांच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. एक, ट्रान्स स्त्रीला स्त्रियांत मोजावं. दोन, ते मान्य नसेल तर निदान तिला कुठल्याच कोट्यात धरू नये, तीन पुरुष आणि तीन स्त्रिया उरलेल्या जागी असाव्यात.

भटकभवानी

दुसऱ्या ठरावाला माझं मत धरा, पण अट घालून: शूटिंग आणि बचावाच्या वर्तुळात पुरुषाच्या जोडीला तिने उभं राहू नये, मधल्या पट्ट्यात खेळावं. पहिल्याच्या विरोधात मी बैठकीत बोलणार, आणि तेही ती समोर बसलेली असताना बोलणार.

मैदानवेडी

ती गोल डिफेन्स आहे. मधल्या पट्ट्यात खेळ म्हणजे तिची जागा सोड. ही अट मी मान्य करणार नाही. बैठकीला मात्र या, ती येणारच आहे.