विषय: अंकाच्या जुन्या डेस्कटॉपसाठी स्वस्तात पार्ट – सल्ला हवा

प्रेषक: वैशाली (अंक समिती, मराठी मंडळ, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

संक्रांतीचा कार्यक्रम छान झाला, तिळगूळ संपले, आता कामाचं बोलते. दिवाळी अंक ज्या डेस्कटॉपवर लागतो त्याने हाय खाल्ली आहे. सुरू केल्यावर माउस हलायला लागेपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. मशीन आहे डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०, उभा टॉवर. आय५-४५९० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज १०. एका सभासदाच्या ऑफिसने काढून टाकलेलं, आपल्याला फुकटात मिळालेलं.

नवीन घेऊन मोकळं व्हावं, तर जुने सगळे अंक पेजमेकर (पानं लावायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीत (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) आहेत. श्रीलिपीचा डोंगल (मशीनला लावायची परवान्याची किल्ली) कपाटात जपून ठेवलाय, पण इन्स्टॉलेशनची सीडी ज्यांच्याकडे होती ते टेक्ससला गेले आणि सीडी त्यांच्या खोक्यांत गडप झाली. यंदा जुन्या अंकांतले निवडक लेख पुन्हा छापायचं ठरलंय, म्हणजे त्या फायली उघडल्याच पाहिजेत.

खजिनदार नीलिमाताईंनी १०० डॉलरपर्यंत खर्चाला होकार दिलाय. काय घ्यावं?

वैशाली

---

प्रेषक: श्रीकांत

वैशाली,

माझं स्पष्ट मत: ते धूड टाकून द्या. चौथ्या पिढीचा इंटेल म्हणजे २०१३-१४ चा माल. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, त्याला आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेचा चिप) लागतं. इंटेल एन१०० प्रोसेसरवाले हाताच्या तळव्याएवढे मिनी पीसी मिळतात, वीज नगण्य खातात, आवाज नाही. शंभरात थोडी भर घाला आणि सुटा. जुन्या मशीनवर खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

श्रीकांतकाका

---

प्रेषक: अतुल

वैशालीताई, माझ्याकडे एक जुनं ग्राफिक्स कार्ड पडून आहे, फुकट देतो. टाकून बघा, पानं भराभर उलटतील. मुलाच्या मशीनला लावलं होतं तेव्हा गेम मस्त चालायचे.

---

प्रेषक: मंदार

वैशालीताई,

कोणीही काहीही विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघून कळवा. एक, मशीन रखडलेलं असताना टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये डिस्क किती टक्के आणि मेमरी किती भरलेली दिसते. दुसरं, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून चालवा आणि हार्डडिस्कच्या नावाखाली निळा चौकोन आहे का पिवळा, ते सांगा. आणि घड्याळ बरोबर चालतं का?

मंदार

---

प्रेषक: वैशाली

मंदार,

डिस्क सतत १००%. मेमरी ७.९ पैकी ४.९. चौकोन पिवळा, त्यावर ‘कॉशन’ लिहिलंय, आणि खालच्या यादीत सी५ या ओळीसमोर पिवळा ठिपका. घड्याळाचं तू कसं ओळखलंस? प्लग काढून ठेवलं की तारीख दरवेळी मागे जाते, आम्ही हाताने पुढे करतो.

---

प्रेषक: मंदार

ताई,

मग निदान झालं. सी५ म्हणजे डिस्कला वाचता न येणारे आणि अजून बाजूला न काढलेले सेक्टर. हार्डडिस्क मरायला टेकली आहे. आज रात्रीच अंकांचं आणि फॉन्टचं अख्खं फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घ्या. बाकीचं वाचायचं राहिलं तरी चालेल, हे राहू देऊ नका.

रॅम घ्यायची नाही. ८ पैकी ३ जीबी मोकळी आहे, आणि पेजमेकर २००१ सालच्या आवृत्तीवरच थांबलेलं, ३२ बिटी सॉफ्टवेअर आहे. त्याला ३२ जीबी दिली तरी ते तेवढंच खाणार. शिवाय एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे चिप उचलायला सुरुवात केल्यापासून रॅमचे भाव भडकलेत. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यातल्या त्यात या मशीनला लागणारी जुनी डीडीआर-३ रॅम परवडते, पण ती पुढच्या कुठल्याच मशीनमध्ये बसत नाही. डीडीआर-४ ची खाच वेगळ्या जागी असते. हाच माझा नियम आहे: जुन्या मशीनवर पैसे घालायचेच तर उद्या काढून दुसऱ्यात लावता येईल अशा भागावर घालावेत. त्या कसोटीला या टॉवरमधला एकच भाग उतरतो, तो म्हणजे साटा एसएसडी (हार्डडिस्कच्याच वायरीला लागणारी, पण तबकडीऐवजी चिप असलेली डिस्क).

(घरच्या जुन्या डेस्कटॉपला खरोखर रॅम कमी पडत असेल त्यांच्यासाठी: सेकंडहँडमध्ये १६ जीबीच्या पट्ट्या कवडीमोलाने दिसतात, त्या बहुतेक सर्व्हरच्या असतात. लेबल वाचा. पीसी३-१२८०० च्या शेवटी यू असेल तर डेस्कटॉपची, आर असेल तर सर्व्हरची. आर वाली खाचेत व्यवस्थित बसते, पण मशीन सुरूच होत नाही.)

एसएसडी किती जीबीची घ्यायची हा यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. सीडी नाही, म्हणजे नव्याने इन्स्टॉल करण्याचा रस्ता बंद. आहे ती डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवायची, म्हणजे क्लोन करायची. दुकानात ४८० ची चार-पाच डॉलरने स्वस्त दिसेल आणि हात तिकडेच जाईल. घेऊ नका. ४८० म्हणजे सरळ २० जीबी कमी, आणि क्लोनझिला (क्लोन करायचं सॉफ्टवेअर) मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर सहजासहजी उतरवत नाही. आधी पार्टिशन (डिस्कवर आखलेला भाग) आखडावं लागतं, आणि मरणाऱ्या डिस्कवर असले प्रयोग नकोत. ५०० लिहिलेलीच घ्या, ती आपल्या जुन्या डिस्कएवढी भरते. नावाजलेल्या कंपनीचीच घ्यायची. एसएसडीचेही भाव चढू लागलेत तेव्हा या शनिवार-रविवारी पॅटरसनच्या मायक्रो सेंटरमधून उचलूया. ऑनलाइन २० डॉलरला २ टीबी दिसली तर पान बंद करा. आत छोटासा चिप असतो आणि त्याला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. विंडोज २ टीबी दाखवतं, भरत गेलात की नवीन फाइल जुनीच्या डोक्यावर लिहिली जाते.

वेगाचं म्हणाल तर या बोर्डावर एम.२ ची खाच नाही, त्यामुळे त्या फॅन्सी पातळ पट्टीसारख्या एसएसडी बघूच नका. साटावर सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास मिळतं, आणि खरा फरक त्या आकड्यात नाहीच. हार्डडिस्कला प्रत्येक छोट्या फाइलीसाठी सुई इकडून तिकडे न्यावी लागते. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फायली वाचतं, तिथे तुमचा चहा होतो.

काकांच्या मेलला उत्तर. मिनी पीसी चांगलाच असतो, वाचनालयाच्या नोंदींसाठी मी स्वतः तोच सुचवेन. पण श्रीलिपी त्यावर न्यायची कशी? आणि टाकून द्या म्हणालात तरी न्यू जर्सीत कॉम्प्युटर घरच्या कचऱ्यात टाकायला २०११ पासून बंदी आहे, रीसायकलिंगलाच न्यावा लागतो. विंडोजच्या सपोर्टवर माझा तोडगा साधा आहे: या मशीनची नेटवर्कची वायर काढून टाकायची. हे फक्त अंक लावण्याचं यंत्र. ईमेल नाही, ब्राउझर नाही. लेखकांच्या फायली दुसऱ्या लॅपटॉपवर तपासून पेनड्राइव्हने आणायच्या, तयार पीडीएफ तसाच बाहेर न्यायचा. (ज्यांच्या घरी विंडोज १० वर बँकेची कामं चालतात त्यांनी मात्र मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेट्समध्ये नाव नोंदवावं. ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर.)

अतुल, कार्ड राहू दे. गेमसाठी वापरलेलं कार्ड म्हणजे त्याला बहुधा सहा पिनांची वेगळी वायर लागत असेल. या टॉवरचा पॉवर सप्लाय २९० वॉटचा, त्यात ती वायरच नाही. सप्लाय बदलू म्हणालास तर डेलने बोर्डाला नेहमीच्या २४ ऐवजी ८ पिनांची स्वतःची जोडणी दिली आहे, बाजारातला साधा सप्लाय अ‍ॅडॉप्टरशिवाय बसत नाही. एकातून दुसरं निघत जातं. आणि पेजमेकरला कार्डाचा उपयोग शून्य.

आता बॅटरी. घड्याळ मागे जातं म्हणजे बोर्डावरची सीआर२०३२ संपली आहे, औषधांच्या दुकानातही मिळते. पण ती काढण्याआधी, ताई, सुरू होताना एफ२ दाबा आणि सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये ‘साटा ऑपरेशन’ या पानाचा फोनवर फोटो काढा. तिथे एएचसीआय आहे का रेड ऑन (डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती), हे महत्त्वाचं. डेलमध्ये मूळ सेटिंग रेड ऑन असतं. ऑफिसवाल्यांनी ते बदललेलं असेल आणि बॅटरी बदलताना परत मूळ जागी गेलं, तर विंडोज निळा पडदा दाखवून बसतं. मग सगळे म्हणणार नवी एसएसडी खराब निघाली.

प्रोसेसर आहे तोच ठेवायचा. या सॉकेटमध्ये आय७-४७९० बसतो, स्वस्तातही मिळतो, पण तुमचं मशीन प्रोसेसरसाठी अडलेलंच नाही.

मंदार

---

प्रेषक: श्रीकांत

मंदार,

वायर काढून टाकायची युक्ती मला सुचली नव्हती. मान्य. पण मी पुढच्या आठवड्यात मुंबईला चाललोय. लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी आणू का? आमच्या वेळी अर्ध्या किमतीत मिळायचं सगळं.

श्रीकांतकाका

---

प्रेषक: मंदार

काका, आता तिकडे १८% जीएसटी आहे आणि इथे ६.६२५% सेल्स टॅक्स. भावात फार तर उन्नीस-बीस. पण बिघडली तर बदलून घ्यायला परत गिरगाव-ग्रँट रोड गाठायचं का? आणि तुम्ही येईपर्यंत ती डिस्क टिकेल याची खात्री कोण देणार? त्यापेक्षा तिकडे श्रीलिपीची नवी, युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत) रूपांतर करून देणारी आवृत्ती केवढ्याला पडते तेवढं विचारून या. कंपनी पुण्याचीच आहे. जुने अंक एकदा युनिकोडमध्ये आले की तुमचा मिनी पीसी मी स्वतः बसवून देईन.

---

प्रेषक: वैशाली

फोल्डर उतरवलं. तीन फायली वाचता येत नाहीत म्हणाला, पण त्या जाहिरातींच्या आहेत, छापील अंकावरून स्कॅन करू. साटा ऑपरेशनचा फोटो काढला, तिथे एएचसीआय आहे.

मंदार, क्लोन करायला ती यूएसबीची वायर वेगळी घ्यावी लागेल ना? आणि एसएसडी एवढीशी, डिस्कच्या जागी ती खुळखुळणार नाही का?

---

प्रेषक: मंदार

एएचसीआय म्हणजे कोणीतरी बदललेलं आहे! बॅटरी टाकल्यावर पहिलं काम एफ२ दाबून तेच आहे ना बघणं, नसेल तर परत निवडणं.

वायर नको. डीव्हीडी ड्राइव्हच्या मागच्या दोन वायरी काढून क्लोन होईपर्यंत एसएसडीला लावू. क्लोनझिलाला रेस्क्यूचा पर्याय द्यावा लागेल, नाहीतर पहिल्याच वाचता न येणाऱ्या सेक्टरवर ते थांबतं. रात्रभर चालू द्यावं लागेल बहुतेक. झाल्यावर जुनी डिस्क बाहेर काढूनच मशीन पहिल्यांदा सुरू करायचं. दोन्ही जुळ्या डिस्क एकदम दिसल्या की विंडोज गोंधळतं. बोर्ड तोच असल्यामुळे विंडोजचं लायसन्स पुन्हा मागणार नाही.

बसवायचं म्हणाल तर निळ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये मोठी डिस्क बसते, एसएसडीसाठी चार-पाच डॉलरचा ब्रॅकेट मिळतो. नाही मिळाला तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावू. आत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे हादऱ्याचा प्रश्न येत नाही.

शनिवारी मी दुकानात जातो, दुपारी मंडळाची शाळा सुटल्यावर शाळेतच येतो. टॉवर कोणीतरी उचलून टेबलावर ठेवा आणि अंगावर स्वेटर नको. आत हात घालण्याआधी पत्र्याला हात लावायचा, नाहीतर अंगातल्या स्थिर विजेचा झटका पार्टना बसतो.

---

प्रेषक: नीलिमा (खजिनदार)

मंदार, एसएसडी, ब्रॅकेट आणि बॅटरी एकाच बिलावर घे आणि बिलावर मंडळाचं नाव घाल. मागच्या वेळी गणपतीच्या माळांचं बिल कोणाच्या तरी जिमच्या पावडरसकट आलं होतं, ऑडिटला उत्तर देता देता माझी पुरेवाट झाली.

अतुल, ते ग्राफिक्स कार्ड शाळेतल्या कपाटात आणून ठेवू नकोस, तिथे आधीच दोन प्रिंटर आहेत.