थ्रीजी गेल्यावर शेतावरची देखरेख: फक्त मॉडेम बदलावा की यंत्रणाच नवी घ्यावी?

धागाकर्ता: शेतनोंद

मोबाईलची जुनी नेटवर्क जगभर एकामागून एक बंद होत आहेत. जर्मनीत २०२१ मध्ये थ्रीजी बंद झाले, अमेरिकेतील तिन्ही मोठ्या कंपन्यांनी ते २०२२ मध्ये थांबवले आणि ऑस्ट्रेलियात उरलेली थ्रीजी नेटवर्क ऑक्टोबर २०२४ मध्ये मालवली गेली. हातातला फोन बदलला की आपले काम संपले असे अनेकांना वाटते. पाण्याच्या टाकीवरचा पातळीमापक, जमिनीतील ओलावा मोजणारा सेन्सर, हवामान केंद्र आणि धान्यकोठारातील तापमापक या सगळ्यांच्या पेटीतही एक मॉडेम आणि एक सिम कार्ड असते, हे मात्र विसरले जाते. नेटवर्क गेले की ही यंत्रे बिघडल्याची सूचना देत नाहीत, कारण सूचना पाठवायचा मार्गच बंद झालेला असतो. पडद्यावर शेवटचा आकडा तसाच दिसत राहतो आणि टाकी भरलेली आहे असा समज होतो.

माझे म्हणणे असे आहे की अशा वेळी विक्रेत्याच्या सांगण्यावरून संपूर्ण यंत्रणा नवी घेण्याचे कारण नाही. पेटी उघडून पाहावी. सौर पॅनेलची तार, बॅटरी, टर्मिनल पट्टीत स्क्रूने आवळलेल्या सेन्सरच्या तारा आणि कडेला मॉडेम असे साधारण चित्र दिसते. यातला कालबाह्य झालेला भाग फक्त मॉडेम आहे. जमिनीत पुरलेला सेन्सर एसडीआय-१२ या पद्धतीने बोलत असेल, तर ती पद्धत १९८८ पासून चालत आलेली आहे आणि तिचा मोबाईल नेटवर्कशी काहीही संबंध नाही. मोजलेला आकडा ४ ते २० मिलिअँपिअरच्या विद्युतप्रवाहाने कळवणाऱ्या सेन्सरचेही तेच. शिवाय पुरलेला ओलावा-सेन्सर उपटून नवा बसवला की भोवतालची माती पुन्हा बसायला वेळ लागतो आणि मागील हंगामांच्या नोंदींशी नव्या नोंदींची तुलना करता येत नाही. म्हणून सेन्सर तसेच ठेवावेत, मॉडेम बदलावा आणि तोही नेटवर्क बंद होण्याच्या तारखेआधी बदलावा, म्हणजे काही दिवस दोन्ही मार्ग चालू ठेवून आकडे ताडून पाहता येतील.

प्रतिसाद: कोठारपाल

सेन्सरबाबत सहमत आहे, पण डेटालॉगरबाबत, म्हणजे सेन्सरचे आकडे नोंदवून मॉडेमकडे देणाऱ्या यंत्राबाबत, नाही. आपण वर्णन केलेली पेटी जुन्या, मोठ्या आणि सुट्या भागांच्या यंत्रणेची आहे. गेल्या काही वर्षांतील स्वस्त यंत्रांमध्ये मॉडेम मुख्य बोर्डावरच डाख देऊन बसवलेला असतो. तो वेगळा काढताच येत नाही.

समजा तो सुटा आहे आणि तुम्ही नवा फोरजी मॉडेम जोडला, तरी आतली आज्ञावली जुनीच राहते. इंटरनेटवरील सुरक्षित संपर्कासाठी वापरल्या जाणाऱ्या टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढल्या गेल्या आणि आता बहुतेक सर्व्हर त्या स्वीकारत नाहीत. ज्या डेटालॉगरला त्यापुढची आवृत्ती कळत नाही, तो नव्या मॉडेमसह टॉवरपर्यंत पोहोचेल, पण सर्व्हरच्या दारातून परत फिरेल. मग त्याच पेटीसाठी पुन्हा शेताच्या टोकापर्यंत जायचे, पुन्हा खांबावर चढायचे. दूरवरच्या ठिकाणी यंत्राच्या किमतीपेक्षा तिथपर्यंत जाण्याचे श्रम अधिक असतात, त्यामुळे एकदाच जाऊन डेटालॉगरसह सगळे बदलणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

प्रतिसाद: दूरसंदेश

तुम्ही दोघेही एकाच गृहीतकावर वाद घालत आहात: प्रत्येक सेन्सरने स्वतंत्रपणे मोबाईल टॉवरशी बोलले पाहिजे. हे गृहीतकच सोडून द्यावे असे माझे ठाम मत आहे.

फोरजीवर गेलो म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. शेतीच्या यंत्रांसाठी म्हणून ज्याची शिफारस केली जाते, त्या एनबी-आयओटीचे (मोबाईल कंपनीच्या फोरजी जाळ्यावर कमी विजेत थोडी माहिती पाठवण्याच्या सेवेचे) मानक २०१६ मध्ये तयार झाले. जपानमधील एनटीटी डोकोमोने ती सेवा सुरू केली आणि वर्षभरातच, मार्च २०२० मध्ये, बंदही केली. अमेरिकेतील एटी अँड टीनेही तिच्यातून माघार घेतली. जमिनीतील सेन्सर दहा वर्षे टिकावा अशी आपली अपेक्षा असते. मोबाईल कंपनीचा निर्णय मात्र त्या कालावधीशी बांधलेला नसतो.

त्याऐवजी शेतावर स्वतःचे लोरावॅन नेटवर्क, म्हणजे कमी विजेत दूरवर छोटे संदेश पाठवणारे रेडिओ जाळे, उभारावे. मोकळ्या जागेत उंच खांबावरचा एक गेटवे (सेन्सरांचे संदेश गोळा करून इंटरनेटवर पाठवणारे यंत्र) काही किलोमीटरच्या परिसरातील सेन्सर सांभाळतो आणि त्या सेन्सरांमध्ये सिम कार्डच नसते. बाहेरच्या जगाशी जोडणारा दुवा फक्त गेटवेपाशी असतो. उद्या फोरजी गेले तर एकच यंत्र बदलायचे, आणि तेही घराजवळचे. तिथे तारेचे इंटरनेट किंवा उपग्रह, जे मिळेल ते लावता येते.

प्रतिसाद: गोठाघर

दूरसंदेश यांचा मुद्दा टाकीच्या पातळीसाठी किंवा ओलाव्यासाठी योग्य आहे. तासाभराने आलेला आकडाही तिथे पुरतो. पण तोच उपाय सगळीकडे सुचवणे मला धोक्याचे वाटते.

लोरावॅनमधील बॅटरीवर चालणारे नेहमीचे यंत्र स्वतः संदेश पाठवल्यानंतर थोडा वेळच ऐकत असते. एरवी ते झोपलेले असते. पंप बंद करण्याची आज्ञा अशा यंत्राला दिली, तर ते पुढच्या वेळी जागे होईपर्यंत आज्ञा थांबून राहते आणि तोवर पाणी वाहत राहते. सतत ऐकणारा प्रकारही आहे, परंतु त्याला कायमची वीज लागते. युरोपात या लहरींच्या बऱ्याचशा पट्ट्यात एका यंत्राने एकूण वेळेच्या एक टक्क्यापेक्षा अधिक काळ बोलू नये असे बंधन आहे आणि संदेश इतका छोटा असतो की छायाचित्र पाठवण्याचा विचारही करता येत नाही.

बंदिस्त कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये उन्हाळ्यात पंखे थांबले, तर पक्षी वाचवायला हाताशी फार थोडा वेळ असतो. तिथला इशारा एकाच गेटवेवर सोपवून मी निश्चिंत राहणार नाही. अशा ठिकाणी फोरजीचे यंत्र आणि जोडीला शेडमध्येच वाजणारा भोंगा असे दोन्ही हवेत, कारण जिवंत प्राण्यांच्या बाबतीत एका दुव्यावर विसंबणे मुळातच चूक आहे.

प्रतिसाद: सबुरी

इतकी घाई कशासाठी? जर्मनीत थ्रीजी गेले तरी टूजी चालू राहिले आणि कित्येक यंत्रे त्यावर आणखी वर्षे चालली. ब्रिटनमध्ये टूजीसाठी २०३३ ही शेवटची मर्यादा ठरली आहे. ज्याचे यंत्र टूजीवरही चालते, त्याने आजच खर्च का करावा? दरम्यान उपग्रहाशी थेट बोलणारी साधी यंत्रे येत आहेत. त्यांचे मानकही ठरले आहे.

शेतनोंद (धागाकर्ता)

सबुरी यांना प्रथम उत्तर देतो. कोणते नेटवर्क आधी जाईल हे देशागणिक बदलते. ऑस्ट्रेलियात टूजी आधी गेले आणि थ्रीजी नंतर. तिथे थ्रीजी जाताना मागे फिरायला टूजी उरलेले नव्हते. त्यामुळे दुसऱ्या देशाच्या तारखेवर आपला निर्णय ठरवू नये. आपल्या सिम कार्डाच्या कंपनीकडून लेखी तारीख घ्यावी.

कोठारपाल यांचा सर्व्हरबाबतचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. तो डेटालॉगर घरी टेबलावर फोरजी मॉडेमला जोडून सर्व्हरपर्यंत आकडा पोहोचतो का, हे खांबावर चढण्याआधीच कळू शकते. पोहोचला तर बदलण्याचे कारण नाही, आणि नाही पोहोचला तर डेटालॉगरही बदलावा. ही तपासणी न करता सगळेच फेकून देणे हे मला संसाधनांची नासाडी वाटते.

दोन गोष्टींकडे मात्र कोणाचेच लक्ष गेलेले नाही. पहिली अँटेनाची. ग्रामीण भागात थ्रीजी अनेकदा ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झवर चालत असे, तर दूर पोहोचणारे फोरजी बऱ्याच ठिकाणी ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास असते. जुन्याच अँटेनाला नवा मॉडेम जोडला की रेंज कमी पडते आणि दोष मॉडेमला दिला जातो. दुसरी गोष्ट म्हणजे खोक्यावर ‘फोरजी’ लिहिलेले असूनही फोन किंवा एसएमएससाठी आतून थ्रीजीवर उतरणारी यंत्रे आहेत. एसएमएसने पंप चालू-बंद करणाऱ्यांनी विक्रेत्याला हेच विचारावे, की थ्रीजी आणि टूजी दोन्ही नसताना हा नियंत्रक एसएमएस घेतो का. उत्तर लेखी मिळत नसेल तर तो घेऊ नये.

दूरसंदेश

गोठाघर यांनी शेडबद्दल जे लिहिले ते मी मान्य करतो. जिवावर बेतणाऱ्या इशाऱ्यासाठी दोन स्वतंत्र मार्ग हवेतच. परंतु धागाकर्त्यांनी सांगितलेली अँटेना, एसएमएस आणि सर्व्हरची तपासणी मोठ्या शेतावर प्रत्येक पेटीपाशी करावी लागेल, आणि पुढचे नेटवर्क जाईल तेव्हा पुन्हा प्रत्येक पेटीपाशी. ज्याच्याकडे दोन-तीनच सेन्सर आहेत त्याने खुशाल मॉडेम बदलावा. ज्याच्या शेतभर ते विखुरलेले आहेत, त्याने या वेळी तरी सिम कार्डे काढून टाकावीत, हे माझे मत अजूनही कायम आहे.