पार्टनर नोटिफिकेशन: ‘जोडीदारास अधिसूचना’ नको, मग काय?

धागाकर्ती:
लैंगिक आरोग्याच्या एका ऑनलाइन सेवेचा मजकूर मराठीत करतेय. लैंगिक संसर्गाची तपासणी पॉझिटिव्ह आली की त्या व्यक्तीने, ज्यांच्याशी संबंध आला त्यांना वेबसाइटवरून मेसेज पाठवायचा, नाव घालून किंवा न घालता. या प्रकाराला पार्टनर नोटिफिकेशन म्हणतात. माझ्या आधी ज्यांनी काम केलं त्यांनी ‘जोडीदारास अधिसूचना’ असं करून ठेवलंय. अधिसूचना सरकार काढतं, राजपत्रात! मी खोडून ‘सूचना’ केलं, पण तेही खटकतंय. शिवाय आउटरीचचं (लोकांमध्ये जाऊन तपासणीबद्दल सांगणं) ‘जनसंपर्क’ झालंय. मदत करा.

प्रतिसाद:
‘सूचना’ खटकणारच. मराठीत सूचना एक तर पाटीवर असते (‘येथे वाहने लावू नयेत’) नाही तर सभेत कोणीतरी मांडतं. एकीत हुकूम, दुसरीत सल्ला. नुसती माहिती देणे हा अर्थ हिंदीतला, तो आपल्याकडे कागदोपत्री भाषेतून शिरलाय. आपल्याकडे चांगलं रांगडं क्रियापद आहे की: कळवणे. ‘पोचलास की कळव’ मधलं. बटणावर ‘जोडीदाराला कळवा’ लिहा, संपलं.

प्रतिसाद:
कळवणे पटलं, जोडीदार नाही पटला. जोडीदार म्हटलं की जोडी आली, निदान चार दिवस टिकलेली. इथे तर ज्याचं आडनावही ठाऊक नाही असा माणूस असू शकतो. हा सगळा ऑनलाइन कळवण्याचा खटाटोप मुळात त्यातूनच निघाला. 1999 साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सिफिलिसचे काही रुग्ण एओएल या इंटरनेट सेवेच्या एकाच चॅटरूमशी जोडलेले निघाले. विचारलं, तर बहुतेकांकडे समोरच्याचं ना नाव ना पत्ता, फक्त स्क्रीननेम. जुन्या पद्धतीत आरोग्यसेवक पत्ता घेऊन दार ठोठावायचा. इथे ठोठावायला दारच नव्हतं. मग त्या स्क्रीननेमवरच ईमेल गेल्या आणि चॅटरूममध्ये जाऊन लोकांना तपासणीबद्दल सांगितलं गेलं. त्या स्क्रीननेमवाल्यांना ‘जोडीदार’ म्हणून हाक मारली असती, तर किती जणांनी ओ दिली असती?

धागाकर्ती:
मग काय, ‘लैंगिक सहभागी’? स्पर्धेतल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद:
उत्तेजनार्थ बक्षीसही ठेवा. :)

प्रतिसाद:
मी बरीच वर्षं तपासणी केंद्रात समुपदेशनाचं काम केलंय. समोर बसलेल्या माणसाला आम्ही ‘जोडीदार किती?’ असं विचारायचो नाही. ‘गेल्या दोन-तीन महिन्यांत कुणाकुणाशी संबंध आला?’ असं विचारायचो. ‘संबंध आला’ हे मराठीत झकास आहे: कोणी केला, कोणी करवला याची भानगड नाही, आला! म्हणून ‘संबंध आलेली व्यक्ती’ म्हणा. लांब आहे, पण कुणाला चिकटत नाही आणि कुणाला वगळत नाही.

काळ मात्र आकड्यात लिहा, ‘अलीकडे’ नको. क्लॅमिडिया किंवा गोनोरिया असेल तर साधारण मागचे 60 दिवस धरतात. सिफिलिस पहिल्या टप्प्यात असेल तर लक्षणं सुरू होण्याच्या आधीचे 3 महिने आणि लक्षणं असतानाचे दिवस, कारण संसर्ग झाल्यापासून चट्टा उठेपर्यंत 10 ते 90 दिवस जाऊ शकतात. ‘अलीकडे’ वाचून एकाला गेला आठवडा आठवतो, दुसऱ्याला गेलं वर्ष.

आणखी एक. मजकुरात इंडेक्स केसला ‘मूळ रुग्ण’ केलं असेल तर आजच काढा. इंडेक्स म्हणजे आधी सापडलेला. रोग त्याच्यापासून सुरू झाला असं त्यात कुठेच नाही. कित्येकदा ज्याला कळवायचं त्याच्याकडूनच याला आलेला असतो. ‘मूळ’ म्हटलं की खापर फुटलंच. आमच्याकडे ‘पहिला नोंदलेला’ म्हणायचे.

प्रतिसाद:
यावरून आठवलं, ‘पेशंट झीरो’ हा शब्दच मुळी वाचनाच्या चुकीतून आलाय. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एड्सच्या एका अभ्यासाचं काम चालू असताना एका रुग्णापुढे इंग्रजी ‘ओ’ अक्षर होतं, म्हणजे कॅलिफोर्नियाबाहेरचा. लोकांनी ते शून्य वाचलं आणि तो माणूस सगळ्या साथीचा आरंभ ठरला. एका अक्षराने केवढा घोळ.

धागाकर्ती:
‘मूळ रुग्ण’ तीन ठिकाणी होता, उडवला. आता निनावी आणि गोपनीय. दोन्ही एकाच वाक्यात आलेत आणि आधीच्या अनुवादात दोन्हींना ‘गुप्त’ केलंय.

प्रतिसाद:
गुप्त तर अजिबात नको! गुप्तरोग, गुप्तधन, गुप्तहेर… सगळीकडे काहीतरी दडवल्याचा वास. आणि या रोगांना ‘गुप्तरोग’ म्हणून म्हणूनच माणसं तपासायला जात नाहीत. लैंगिक संसर्ग म्हणावं. संसर्ग म्हणायला आणखी एक कारण: पुष्कळांना काही त्रासच होत नसतो, मग ‘रोग’ शब्द वाचून त्यांना वाटतं, आपला संबंध नाही.

निनावी म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव कुणालाच, सेवा देणाऱ्यालाही, माहीत नसतं. गोपनीय म्हणजे सेवा देणाऱ्याला नाव माहीत असतं, पण तो सांगत नाही. फार वेगळ्या गोष्टी. वापरणाऱ्याने ठरवायचं असतं की आपण कशावर विसंबतोय, अज्ञानावर की शब्दावर. मात्र ‘निनावी’ला मराठीत वाईट सोबत आहे: निनावी पत्र, निनावी तक्रार. ‘तुम्हाला एक निनावी संदेश आला आहे’ वाचलं की आधी धडकीच भरते. म्हणून पाठवणाऱ्याच्या पानावर ‘नाव न देता पाठवा’ आणि घेणाऱ्याच्या मेसेजमध्ये निनावी हा शब्दच नको. (अनामिक म्हणू नका, मला करंगळीशेजारचं बोट आठवतं.)

प्रतिसाद:
व्याकरणवाला बोलतोय. नाव लपवाल, पण क्रियापद चुगली करेल. ‘मी तपासायला गेलो होतो’ म्हटलं की पुरुष, ‘गेले होते’ म्हटलं की बाई. चार जणांशी संबंध आलेल्याला एवढ्यावरून पाठवणारा ओळखता येतो. इंग्रजी नमुन्यात ही अडचणच नाही, म्हणून अनुवाद करताना लक्षात येत नाही. उपाय घरातच आहे. ‘मी तपासणी करून घेतली’ यात क्रियापद तपासणीच्या मागे जातं, माझ्या नाही. ‘मला कळलं’, ‘मला सांगायचं होतं’ हेही बिनधोक. तिसऱ्या पुरुषात ‘व्यक्ती’ घ्या, ती कायम स्त्रीलिंगी, त्यामुळे काहीच उघड होत नाही. ‘एक जण’ घेतलात की पुन्हा ‘आला’-‘आली’त अडकाल. आणि तुम्ही म्हणा, तू नको. ‘तू’वरून सलगी कळते.

धागाकर्ती:
हे माझ्या डोक्यातही नव्हतं. तयार नमुन्यात दोनदा ‘गेलो’ होतं. हा नवा मसुदा पाहा:

‘नमस्कार. तुमच्या आरोग्याबद्दल एक निरोप आहे. तुमच्याशी शरीरसंबंध आलेल्या एका व्यक्तीला क्लॅमिडिया असल्याचं तपासणीत कळलं आहे. तुम्हालाही असू शकतो. लक्षणं नसली तरी तपासून घ्या. औषधाने तो बरा होतो.’

प्रतिसाद:
‘निरोप’ मस्त. निरोप कोणीतरी दुसऱ्याचा घेऊन येतं, आणि इथे नेमकं तेच चाललंय. 2004 साली सॅन फ्रान्सिस्कोतच इनस्पॉट नावाची सेवा निघाली होती, तिच्यावरून ई-कार्ड पाठवता यायचं. तेही निरोपाचंच काम.

पण सगळं एका मेसेजात नको. लॉक केलेल्या फोनवरही पहिल्या ओळी झळकतात, आणि फोन टेबलावर उताणा पडलेला असतो. पहिल्या मेसेजमध्ये फक्त निरोप आहे एवढंच, बाकीचं लिंक उघडल्यावर. आणि ‘तुम्हाला झाला आहे’ असं कुठेही येऊ देऊ नका, ते तपासणी सांगेल. तुमच्या मसुद्यात ‘असू शकतो’ आहे, ते बरोबर.

धागाकर्ती:
लिंकला ‘दुवा’ करू का?

समुपदेशनवाले:
नको. असला निरोप वाचून कोण दुवा देणार? लिंकच ठेवा. आउटरीचही आम्ही आउटरीचच म्हणायचो. वाचकासाठी लिहायचं तर ‘लोकांपर्यंत पोहोचणे’. ‘प्रसार’ तेवढा टाळा, तो रोगाचाही होतो.

धागाकर्ती:
ठरलं. बटण: ‘संबंध आलेल्या व्यक्तीला कळवा’. डिझाइनवाल्याचा आताच फोन आला, बटणात एवढं मावत नाही म्हणतो.

प्रतिसाद:
नुसतं ‘निरोप पाठवा’?