सहाव्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ चढवू नका

सहाव्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, त्यावर विंडोज ११ घ्यावं का, असं एकानं विचारलंय. माझ्या मते नको. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) दिसलं म्हणून भुलू नका, त्या काळच्या बऱ्याच बोर्डांत ते असतंच. अडतं प्रोसेसरवर, मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होतात. कोल्हापुरात राजारामपुरीत कुणी 'तपासणी बायपास मारून देतो, बिनघोर वापरा' म्हणेलही. चढतं की! पण पुढच्या अपडेट्सची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी ईएसयूला (मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना) नोंदणी केली की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट्स मिळतात. विंडोज १० ची आवृत्ती मात्र २२एच२ हवी.

ज्यांचं मशीन यादीत बसतं, पण जुन्या लेगसी बूट मोडवर आहे (विंडोज ११ ला नवा यूईएफआय मोड लागतो), त्यांनी आधी डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर एमबीआरटूजीपीटी (डिस्कची जुनी एमबीआर मांडणी नव्या जीपीटीत बदलणारं टूल) चालवा, पहिल्यांदा नुसती तपासणी करणारं व्हॅलिडेट, सोबत अलाउफुलओएस लावून. डिस्कवर तीनपेक्षा जास्त पार्टिशन असली तर तिथेच नापास होतं. कन्व्हर्ट झाल्यावरच बायोसमध्ये यूईएफआय करा. क्रम उलटा केलात तर विंडोज उठणारच नाही. आणि पावसाळ्यात आपल्याकडच्या लाइटीचा भरवसा नाही, तेव्हा डेस्कटॉप यूपीएसवर असल्याशिवाय याला हात लावू नका.