४ हजारांची जुनी स्ट्रॅट घेऊ का?

घोडबंदरचा_बंड्या: कळव्यात एक जण जुनी स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) टाईप इलेक्ट्रिक गिटार ४ हजारला देतोय. व्हॉल्यूम फिरवला की खरखर येते, १२व्या फ्रेटच्या (दांड्यावरच्या धातूच्या पट्टीच्या) पुढे तार घासून बझ होतंय, बॉडी मात्र कडक आहे. पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) बदलून प्रोजेक्ट करायचाय. घ्यावी का?

सोल्डरवाला: खरखर सोड रे, पॉटमध्ये (नॉबखालच्या कंट्रोलमध्ये) धूळ असते, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब ३०-४० वेळा फिरवला की बहुतेक वेळा जाते. आधी नेक म्हणजे दांडा बघ. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धर, ७व्या-८व्यापाशी व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवी, जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकमधली सळई) ॲलन कीने पाव-पाव फेरी आवळून बघ, तिचा नट फिरतच नसेल तर सरळ घरी ये.

कोपरीचा_काका: माझा गाढवपणा ऐक. आधी ५ हजारांचे पिकअप टाकले आणि मग कळलं की फ्रेट झिजून खड्डे पडलेत, बायको अजून त्या गिटारला दुसरी सवत म्हणते. वायरिंग करशील तर सिंगल कॉइलला (एका कॉइलच्या पिकअपला) २५० के (किलोओहम) आणि हंबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) ५०० के पॉट, लॅमिंग्टन रोडला मिळून जातील, पण स्वस्त गिटारीत छोटे पॉट असतात, मोठे बसवायला पिकगार्डची (बॉडीवरच्या प्लेटची) भोकं कानशीने वाढवावी लागतात.

घोडबंदरचा_बंड्या: धन्यवाद काका, रविवारी ॲलन की खिशात टाकूनच जातो. साडेतीन हजारला मागू का?

सोल्डरवाला: तीन बोल ना, खरखर त्याच्यासमोर दोनदा वाजवून दाखव.