‘सेट’ म्हणजे नक्की काय? नातीला काय सांगू?

सुदामानगरची आजी
नमस्कार मंडळी. मी इंदूरची. ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे ‘सेट’ म्हटलं की मला एकच दिसतं: महिरपी कंस आणि आत अंक. मराठीत संच, इथल्या हिंदी पुस्तकांत समुच्चय. विषय संपला.

पण परवा सातवीतली नात इंग्रजीची वही घेऊन आली. ‘सेट’ क्रियापदाची दहा वाक्यं, प्रत्येकात अर्थ वेगळा, आणि पुढे मातृभाषेतला शब्द. तिने चार लिहून ठेवली होती. सूर्य सेट होतो. दही सेट होतं. बाबांनी गजर सेट केला. डॉक्टरांनी दादाचं हाड सेट केलं. आणि चारही वाक्यांपुढे ‘ठेवणे’! कोशातला पहिला अर्थ उचलला नि सगळीकडे चिकटवला. म्हटलं, अगं, सूर्य काय फडताळात ठेवतात का? तर म्हणाली, मग तू सांग.

मला सांगता येईना. घरात हा शब्द दिवसभर मराठीतच फिरत असतो. सुनेला लग्नासाठी सेट घ्यायचाय, मुलाचा मित्र बेंगळुरूला सेट झालाय, मिक्सरवाला म्हणतो, ‘अभी सेट कर देता हूँ, भिया.’ याला धरायचं कुठून? (माझं मराठी थोडं इंदूरी आहे, सांभाळून घ्या.)

कोशकीटक
आजी, आधी नातीला धीर द्या. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची २० खंडांची आवृत्ती १९८९ साली आली, तिच्यात सगळ्यांत लांब नोंद याच शब्दाची होती. नुसत्या क्रियापदाचेच चारशेहून जास्त अर्थ. पुढे २०११ मध्ये ‘रन’ची नोंद नव्याने झाली आणि त्याने ६४५ अर्थांनिशी पहिला नंबर पटकावला. तेव्हा दहा वाक्यं म्हणजे काहीच नाही.

आता मुद्द्याचं. तुमचा गणितातला सेट आणि नातीचा सेट हे मुळात वेगळ्या घरचे. संचवाला जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्यामागे लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा गट. पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ त्याचाच भाऊबंद. क्रियापद मात्र अस्सल इंग्रजी, ‘सिट’चं प्रयोजक रूप. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. आपण मध्ये ‘व’ घालतो, त्यांनी स्वर बदलला. पुढे दोन्ही घरं इतकी मिसळली की भिंत कुठे होती ते कळेनासं झालं. नातीला ‘ठेवणे’ खोडायला सांगा आणि ‘बसवणे’ने सुरुवात करा. हाड तर लगेच बसेल.

सराफ्यावरचा
‘बसवणे’ वाचलं आणि गल्ल्यावरूनच लिहितोय. आमचं दुकान सराफ्यात. रात्री आमच्याच ओट्यापुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडू, दिवसा मात्र सोनं. आमच्याकडे खडा कुणी ‘ठेवत’ नाही, बसवतात. बसवणारा तो जडिया. ज्यात बसवतात त्याला आजोबा कोंदण म्हणायचे, आता कॅटलॉगात ‘सेटिंग’ छापून येतं. बाकी गावात ‘सेटिंग है क्या’ विचारलं तर कोंदण कुणाच्याच मनात येत नाही, तो भाग वेगळा.

काल एक बाई आल्या. ‘सेट दाखवा.’ म्हणजे हार आणि कानातले, तो झाला संच. मग पर्समधून अंगठी काढली, ‘यातला खडा हलतोय, सेट करून द्या.’ ते झालं बसवणं. कोशकीटकांची दोन्ही घरं एका गिऱ्हाइकाच्या तोंडी, पाच मिनिटांत.

विरजण
बसवणे छान आहे, पण गजर कसा बसवणार? मला वाटतं अर्धा ‘सेट’ आपण ‘लावणे’कडे सोपवलाय. गजर लावतात, कवितेला चाल लावतात, सापळा लावतात, आग लावतात. इंग्रजीत चारही सेट. दहीही मी रात्री लावते आणि सकाळी ते लागतं. थंडीत डबा कणकेच्या पिंपात खुपसून ठेवावा लागतो, नाहीतर लागत नाही. माझी इंदूरची जाऊ मात्र ‘दही जमलं’ म्हणते. पहिल्या वर्षी मला वाटलं, दह्याला काय जमलं बाई?

स्लॅबवाला
विरजणताईंना अनुमोदन, पण तिसरा गट राहिला. लावून झाल्यावर जे आपापलं होतं ते. दही लागतं, सूर्य मावळतो, सिमेंट धरतं. आमचा मिस्त्री म्हणतो, ‘साहब, माल ने पकड़ लिया.’ नेहमीच्या सिमेंटचं प्राथमिक सेटिंग ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि अंतिम सेटिंग ६०० मिनिटांत व्हायलाच हवं, असं मानक आहे. पाणी पडल्या पडल्या आवळू नये म्हणून क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे, दळतानाच जिप्सम घालतात. आणि सेट झालं म्हणजे मजबूत झालं नव्हे. ताकद पुढे कितीतरी दिवस वाढत राहते, म्हणून तर पाणी मारायचं.

आजी, एक विनंती. इथे ‘बसणे’ लिहू देऊ नका. स्लॅब बसला म्हणजे काय होतं ते आम्हाला विचारा.

सुदामानगरची आजी
सगळ्यांचे आभार. नातीने वहीत तीन रकाने आखले: बसवणे, लावणे, आपापलं. दहाच्या ऐवजी चौदा वाक्यं झाली. मला म्हणाली, आजी, हे पण सेटच ना, गणितातले? म्हटलं हो, आणि ‘दही’ दोन रकान्यांत आलंय, म्हणजे छेद.

काल वही तपासून आली. तेरा बरोबर. चौदावं तिने स्वतःच्या डोक्याने घातलं होतं: ‘वी सेट गणपती अॅट होम.’ बाईंनी लाल शाईने खोडून वर लिहिलंय, ‘इन्स्टॉल’. नात विचारते, ते तर मोबाइलमध्ये करतात ना?